नाण्यातील खोट कोणाची?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची कल्पना अशी असावी की, हा मनुष्य बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर तासभर बोलेल. त्या विषयांवर मी वर्षाचे बाराही महिने बोलत असतो, आणि ज्यांनी ऐकायला हवे ते बहुधा ऐकत नाहीत. म्हणून आज मी निराळा विषय मागून घेतला. नाणे पाडताना टांकसाळीत झालेली चूक आणि नाणे बाहेर पडल्यावर त्याला झालेली इजा, यांतला फरक कसा ओळखावा, हा तो विषय. मी पदवीधर नाही. नववीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. हातात धरून पाहिलेल्या वस्तूंविषयी मात्र मी बोलेन.

या विषयाची गोडी मला नाण्यांनी लावली नाही; पगाराच्या कपातीने लावली. सोळा-सतरा वर्षांचा असताना मी पितळी बिल्ले पाडणाऱ्या एका लहानशा कारखान्यात प्रेसवर हेल्पर होतो. एका आठवड्यात माझ्या पाळीचा बराच माल नापास झाला. बिल्ल्याच्या तोंडावर एक बारीक रेघ दिसत होती. सुपरवायझरचे म्हणणे असे की, हे पोर माल धसमुसळेपणाने टोपलीत टाकते, त्यामुळे ओरखडे पडतात. सबब नुकसान याच्या पगारातून कापावे. मी रडकुंडीला आलो. तेव्हा आमच्या म्हाताऱ्या डाय-मिस्त्रींनी नापास मालातून दहा बिल्ले उचलले, बाकावर ओळीने मांडले आणि सुपरवायझरला म्हणाले, “साहेब, जरा नख फिरवून बघा. ओरखडा असता तर नख आत गेले असते. इथे ते अडते. रेघ वर उठली आहे. म्हणजे खाच बिल्ल्याला नाही, डायला पडली आहे. शिवाय दहाही बिल्ल्यांवर ती एकाच जागी आहे. आता डाय काय या पोराने घरून आणली?”

कपात रद्द झाली. डाय बदलायला मात्र आणखी तीन आठवडे लागले.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि ती पुढे सर्व आयुष्यभर पुरली. धातू खोटे बोलत नाही. त्याच्यावर काय आधी घडले आणि काय नंतर, हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. ते वाचता येत नाही, तेव्हा दोष कोणावर जातो? ज्याच्या हातात वस्तू असेल त्याच्यावर. नाण्यांच्या इतिहासात हेच पुन:पुन्हा घडलेले आहे, आणि तेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम जुन्या काळी नाणे हाताने कसे पाडत, ते पाहू. खालचा ठसा ओंडक्यात पक्का बसवलेला असे. त्यावर धातूची कोरी चकती ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर धरायचा आणि घण घालायचा. चकती पुरती गोल नसे, ती ठशाच्या मध्यावर नेमकी बसत नसे आणि घणही प्रत्येक वेळी सारख्याच जोराने पडत नसे. आपली शिवराई अशीच पाडलेली आहे. १६७४ मध्ये शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे आहेत. पुढे पेशवाईतही ठिकठिकाणच्या टांकसाळींतून शिवराया पडत राहिल्या. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे सगळी अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई क्वचितच हाती लागते. कोणावर ‘श्री’ अर्धा असतो, तर कोणावर ‘पति’ काठाबाहेर गेलेला असतो.

पुष्कळ लोक अशी शिवराई पाहून म्हणतात, “झिजली हो!” ते बरोबर नाही. झीज नेहमी उंचवट्यावर आधी बसते. झिजलेले अक्षर जागेवर असते, पण सपाट व अंधुक होते. काठावर तुटलेले अक्षर मात्र शेवटपर्यंत ठसठशीत असते आणि मग एकाएकी संपते. कारण त्याच्या पुढच्या भागाखाली तांबेच नव्हते. पहिली गोष्ट हजारो हातांनी केली, दुसरी एका घणाने केली. एकाच नाण्यावर या दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि भिंग घेऊन त्या वेगळ्या करून पाहण्यात जो आनंद आहे तो शब्दकोडे सोडवण्याहून कमी नाही.

चांदीच्या रुपयावर आणखी एक प्रकार दिसतो. त्याच्या अंगावर बारीक बारीक ठोकलेल्या खुणा असतात. त्या टांकसाळीच्या नव्हेत, त्या सराफांच्या. चांदी आतपर्यंत खरी आहे की तांब्यावर नुसता मुलामा आहे, हे पाहण्यासाठी सराफ रुपयाला टोचा मारी. ही खूण खोल गेलेली असते, ती मूळ अक्षरांना आडवीतिडवी छेदते आणि दोन रुपयांवर ती एकाच जागी सापडत नाही. म्हणजे ती निश्चितपणे नंतरची. आजचा संग्राहक तिला इजा समजतो; त्या काळच्या बाजारात ती चांदीची साक्ष होती. पण हाच सराफ रुपयावर बट्टाही घेई. त्या वर्षी पाडलेला नवा रुपया पुऱ्या भावाने चाले. वर्ष उलटले की, झिजला असो वा नसो, त्याची किंमत घटे. हा जाच कमी करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये एक युक्ती केली. शाह आलम बादशहाच्या राज्याचे १९ वे वर्ष नाण्यावर घातले आणि पुढे कित्येक वर्षे तेच कायम ठेवले, म्हणजे नवाजुना रुपया तारखेवरून ओळखूच येऊ नये. ‘नावाला बट्टा लागणे’ असे आपण आजही म्हणतो. त्या शब्दामागे किती शेतकऱ्यांचे व कारागिरांचे आणे-पै गेले असतील, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

हाताने पाडलेल्या नाण्याचा दोष असा की, त्यात टांकसाळीचा ओबडधोबडपणा आणि बाहेरच्याची लबाडी यांची सरमिसळ होते. या सरमिसळीने केवढा अनर्थ होतो, हे पाहण्यासाठी थोडा वेळ इंग्लंडात जाऊ. कारण तेथे हा प्रश्न साऱ्या राष्ट्राच्या गळ्याशी आला होता.

सतराव्या शतकात इंग्लंडातील चांदीची बरीचशी नाणी घणाने पाडलेली होती. ती मुळातच वेडीवाकडी. तेव्हा कात्री घेऊन काठाची थोडी चांदी कातरली तर ओळखणार कोण? दुकानदाराने हरकत घेतली तर उत्तर तयार असे, “टांकसाळीतूनच असे आले.” कातरणाऱ्याला देहान्त शिक्षा होती, तरी कातरणे थांबले नाही. १६९५ च्या सुमारास सरकारी तिजोरीत भरणा झालेली नाणी तोलून पाहिली, तेव्हा त्यांचे वजन कायद्याने असायला हवे होते त्याच्या जवळजवळ निम्मेच भरले! शेवटी सगळी जुनी चांदी गोळा करून नवी नाणी पाडण्याचे ठरले. १६९६ मध्ये आयझॅक न्यूटन टांकसाळीचा वॉर्डन म्हणून आला, तो या धामधुमीतच.

आता यातली मेख पहा. कातरलेले नाणे ४ मे १६९६ पर्यंत करभरणा म्हणून पुऱ्या किंमतीने घेतले जाणार होते. ज्याला मोठा कर भरायचा असे, त्याने आपली कातरलेली नाणी सरकारात ओतली आणि तो मोकळा झाला. पण ज्या मजुराकडे कर भरण्याइतकी मिळकतच नव्हती, त्याच्या मुठीतले नाणे मुठीतच राहिले आणि बाजारात कोणी घेईना. कातरली कोणी, हे त्याला ठाऊक नव्हते. सरकारला आलेली तूट भरून काढण्यासाठी त्याच वर्षी घरांच्या खिडक्यांवर कर बसवला गेला. चोर एक आणि दंड भलत्यालाच, हा न्याय जुनाच आहे.

या रोगावर औषध सापडले ते कायद्यात नव्हे, यंत्रात. १६६२ पासून तेथे यंत्राने पाडलेली गोल नाणी निघू लागली होती. लहान नाण्यांच्या काठावर दातेरी रेषा असत. मोठ्या चांदीच्या नाण्याच्या काठावर लॅटिन अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ होता, ‘भूषण आणि संरक्षण’. काठ कातरला की अक्षरेही जाणार! लबाडी लपायला जागा उरली नाही. टांकसाळीने स्वत:चे काम नीटनेटके केले, तेव्हाच बाहेरच्याचे पाप वेगळे दिसू लागले. माझ्या मते या सबंध इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी होय.

आपल्याकडे कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकाच वजनाचा यंत्राचा रुपया १८३५ मध्ये ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. मुंबईच्या कोटातील टांकसाळ त्याआधीच, १८२० नंतरच्या दशकात, वाफेच्या यंत्रांसह उभी राहिली होती. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर वर्षाखाली पत्त्यातील चौकटसारखी लहान खूण दिसली की ते नाणे मुंबईचे समजावे.

यंत्राच्या टांकसाळीत काम असे चालते. धातूच्या लांब पट्टीतून चकत्या कापायच्या. त्या तापवून मऊ करायच्या. मग काठ दाबून किंचित उचलायचा. शेवटी पोलादी कड्यात चकती बसवून वरच्या व खालच्या ठशांमध्ये एका दाबात नाणे पाडायचे. या कड्याला कारागीर कॉलर म्हणतात. काठाला दाते असतील, तर ते कॉलरमुळेच उमटतात. एवढे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की पुढचे सगळे आपोआप समजते.

पहिला नियम आमच्या मिस्त्रींचा. ठशाला चीर पडली तर नाण्यावर उठलेली रेघ येते, कारण चिरेत धातू शिरतो. नाण्याला बाहेर ओरखडा पडला तर खोदलेली रेघ येते आणि तिच्या दोन्ही कडांना धातूचे बारीक वरंबे उठतात, नांगरलेल्या जमिनीसारखे. बाहेरच्या माणसाला धातू कोरता येतो, ठोकता येतो, घासता येतो. पण नाण्याच्या सपाट अंगातून नवा उंचवटा सहजासहजी काढता येत नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे आहे. १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटच्या नाण्याचा एक ठसा फार घासला गेला आणि त्यावरच्या गव्याचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. तीन पायांच्या गव्याला संग्राहक भरपूर किंमत देऊ लागले. साहजिकच काही लोकांनी साध्या नाण्यावरचा पाय कानशीने घासून तीन पायांचे गवे तयार केले! पण खऱ्या नाण्यावर गव्याच्या पोटाखाली उठलेल्या बारीक ठिपक्यांची एक रांग आहे. तेथे ठशावर खळगे होते, म्हणून नाण्यावर ठिपके आले. कानशीवाल्याला पाय घालवता येतो, ठिपके उठवता येत नाहीत.

दुसरा नियमही मिस्त्रींचाच. ठशाची चूक एकटी नसते, तिला भावंडे असतात. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक सेंटच्या नाण्यावर तारीख व अक्षरे दुहेरी उमटली. ठसा घडवताना त्यावर मूळ आकृती दोनदा दाबली गेली आणि दुसऱ्या वेळी ती किंचित फिरली, हे त्याचे कारण. म्हणजे चूक प्रेसवाल्याची नव्हती. ती ठसा घडवणाऱ्या विभागाची होती. चूक ध्यानात येईपर्यंत ती नाणी इतर चांगल्या नाण्यांत मिसळली होती आणि सगळा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ द्यावीत असे ठरले. अशी वीस हजारांवर नाणी बाहेर पडली. त्या सर्वांवर दुहेरी अक्षरे एकसारखीच आहेत. दोन्ही आकृती भरीव आहेत. उलट, नाणे पडताना ठसा सैल असून जरासा सरकला, तर अक्षराशेजारी नुसती सपाट पायरी येते. तीही टांकसाळीतच होते, पण तिला संग्राहक मोल देत नाहीत. आणि बाहेर कोणी ठोकून चेपलेले अक्षर नुसतेच पसरलेले दिसते.

तिसरा नियम असा की, एका जागची चूक दुसऱ्या जागी साक्ष ठेवते. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर कापणी आली, तर नाण्याचा काठ चंद्रकोरीसारखा खाल्लेला असतो. अशा नाण्यावर कोरीच्या अगदी समोरचा काठही पुसट असतो, कारण काठ उचलताना तेथे पुरेसा दाब बसलेला नसतो. कोरीजवळची अक्षरे तिच्याकडे ओघळल्यासारखी होतात. बाहेर कापलेल्या नाण्याचा समोरचा काठ मात्र ठणठणीत असतो आणि अक्षरे सुरीने केळे कापावे तशी कापलेली असतात.

याच नियमाने आणखी एक लबाडी उघडी पडते. कधी पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याच बाजूची आकृती उलटी व आत गेलेली उमटते. हे दुर्मिळ असते. म्हणून काही जण दोन नाणी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, एकमेकांवर दाबून उलटी अक्षरे उमटवतात. पण तेथे मूळची अक्षरे खाली चिरडलेली दिसतात आणि नाण्याची दुसरी बाजू चपटी होते. नाण्याची दुसरी बाजू पाहावी, हा उपदेश येथे शब्दश: खरा आहे.

नियमांना अपवाद असतो. ठसा आणि चकती यांच्यामध्ये तेल, चिंधी किंवा तारेचा तुकडा आला, तर टांकसाळीतच नाण्यावर खळगा पडतो. म्हणजे खोल गेलेली प्रत्येक खूण बाहेरचीच असते असे नाही. अशा खळग्याचा तळ गुळगुळीत असतो आणि कडांना वरंबे नसतात. तेव्हा घाईने निकाल देऊ नये. मला विचाराल तर विचित्र नाणे समोर आले की ते बाहेर बिघडले असेच प्रथम धरावे, आणि टांकसाळीची कोणती क्रिया चुकली असता असे होईल हे सांगता आले तरच मत बदलावे. ‘लाखाचे नाणे’ म्हणून जे विकायला येते, त्यातले बरेचसे शेगडा, कानस आणि ॲसिड यांचे अपत्य असते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेण्याच्या भूलथापा देऊन लोकांकडून शुल्क उकळले जात होते, म्हणून २०२१ मध्ये त्या बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. माझ्या ओळखीच्या एका सफाई कामगाराने असाच पैसा भरला होता. त्याच्या हातचे नाणे रेल्वेच्या रुळावर चेपलेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हा फरक ओळखण्याने कोणाचे काय बिघडते? १९०६ च्या नाणेविषयक कायद्याने झिजून हलके झालेले नाणे आणि लबाडीने बिघडवलेले नाणे यांत भेद केला होता. लबाडीने बिघडवलेले नाणे अधिकारी कापून तुकडे परत देई, आणि नुकसान कोणी सोसायचे? ज्याने ते पुढे केले त्याने! ज्याने बिघडवले त्याने नव्हे. त्या कायद्याची जागा २०११ च्या कायद्याने घेतली. पण नाणे ज्याच्या हातात थांबते, तो तेव्हाही गरीबच होता.

दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याचे उदाहरण आपणा सर्वांच्या अनुभवातले आहे. कोणावर दहा किरण, कोणावर पंधरा. कोणावर रुपयाचे नवे चिन्ह आहे, कोणावर नाही. एवढ्यावरून ‘हे खोटे’ अशी आवई उठली. ती ना टांकसाळीची चूक होती, ना बाहेरची इजा. नमुने निरनिराळे होते, एवढेच. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने तोवर निघालेले चौदाही नमुने चलनी आहेत असा खुलासा केला. तोपर्यंत भाजीवाल्या बायका, रिक्षावाले आणि रोजंदारीचे मजूर यांच्यात ती नाणी अडकून पडली होती. आमच्या युनियनच्या वर्गणीच्या डब्यात ती सर्वांत आधी येत, कारण दुसरीकडे कोणी घेत नसे. आम्ही ती घेतली आणि पावती फाडली. पुढे ती बँकेत भरली.

त्या डब्यातली जी नाणी खरोखरच कापलेली, भोके पाडलेली वा चेपलेली असत, त्यांच्या जागी मी खिशातले चांगले नाणे टाकी आणि ती घरी आणी. असा माझा संग्रह झाला. त्यात टांकसाळीची खरी चूक म्हणावी अशी नाणी दोनच आहेत. बाकीची सगळी बाहेर जखमी झालेली. संग्राहकाच्या बाजारात त्यांना काही मोल नाही, हे मला माहीत आहे. पण प्रत्येक नाणे शेवटी कोणा एकाच्या हातात नाकारले गेले होते, आणि त्याने ते बिघडवलेले नव्हते.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. कोणी तुमच्या हातात खोट दाखवली तर लगेच मान खाली घालू नका. भिंग मागा, नख फिरवून पहा, शेजारच्या नऊ वस्तू मागवून ओळीने मांडा. रेघ उठलेली आहे की खोदलेली, हे आधी ठरू द्या. कपातीचे मग पाहू.